खिंडीपलीकडचा वैद्य

हिमाचल प्रदेशांतील लाहौलचा मुलूख २०२० सालापर्यंत दर हिवाळ्यांत कित्येक महिने कुलूपबंद असे. रोहतांगची खिंड बर्फानें बुजली कीं केलाँगच्या रोग्याला कुलूकडे उतरण्यास हेलिकॉप्टरवांचून दुसरा मार्ग नसे, आणि तेंही आभाळाची मर्जी असली तरच. रोगी वैद्याकडे जाऊं शकत नाहीं व वैद्य रोग्याकडे येऊं शकत नाहीं. मग रोगाची हकीकत तेवढी पाठवितां येईल काय? या प्रश्नाचा उगम शोधूं जातां आपणांस हॉलंडसारख्या सपाट देशांत जावें लागतें, ही एक गंमतच!

लायडन येथील विल्लेम आइंटहोव्हेन यानें हृदयांतील विद्युत्स्पंदनांचा आलेख काढणारें जें यंत्र सिद्ध केलें, त्याचें वजन सुमारें २७० किलो होतें व तें चालविण्यास पांच माणसें लागत. तें इस्पितळांत नेणें अशक्य, आणि आजारी माणसांना प्रयोगशाळेंत आणणें त्रासाचें. तेव्हां १९०५ सालीं त्यानें दूरध्वनीची तार उपयोगांत आणली. रोगी इस्पितळांत मिठाच्या पाण्यांत हातपाय बुडवून बसे आणि दीड किलोमीटरवर त्याच्या हृदयाची रेघ उमटे. १९२४ सालीं आइंटहोव्हेनला नोबेल पारितोषिक मिळालें.

येथें यंत्र जड म्हणून बातमी हलविली. पुढची पायरी यंत्रच हलकें करण्याची. ती ऑस्ट्रेलियाच्या ओसाड अंतर्भागांत पडली. जॉन फ्लिन या धर्मोपदेशकाच्या खटपटीनें १९२८ सालीं क्लॉनकरी येथून विमानी वैद्याची सेवा सुरू झाली. पण शेंकडो मैलांवरच्या गुराख्याच्या घरांतून वैद्याला हांक मारावयाची कशी? ॲल्फ्रेड ट्रेगर यानें १९२९ च्या सुमारास त्यावर तोड काढली: पायांनीं पायडल मारून वीज निर्माण करावयाची व त्या विजेवर बिनतारी संदेश धाडावयाचा. ट्रेगरची स्तुति पुष्कळांनीं केली आहे, व ती यथार्थच आहे. माझें लक्ष मात्र पायडल मारणाऱ्या बाईकडे जातें. घरांत मूल तापानें फणफणत असतां ती पाय हलवीत मोर्सच्या सांकेतिक लिपींत एकेक अक्षर पाठवीत असे. पुढें १९४२ पासून क्रमांक घातलेल्या औषधांच्या पेट्या त्या घरांत ठेवण्यांत आल्या. वैद्यानें अमुक क्रमांकाची बाटली सांगावी व बाईनें ती उघडावी. कालांतरानें शरीराच्या चित्रावरही आंकडे आले, कारण 'पोटांत दुखतें' एवढ्या सांगण्यावरून दूरच्या वैद्याला निदान करतां येत नाहीं. पेटी व चित्र या वस्तु दिसावयास क्षुल्लक. पण त्यांच्यावांचून तो बिनतारी आवाज केवळ सहानुभूति दाखवूं शकला असता.

आपल्याकडे इस्रोनें २००१ सालीं दूरस्थ इस्पितळें उपग्रहाच्या द्वारें शहरांतील तज्ज्ञांशीं जोडण्यास आरंभ केला. २०१५ मध्यें केलाँग व स्पितींतील काझा येथें अशीं केंद्रें निघालीं. काझा समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरांहून उंच आहे. आइंटहोव्हेनच्या २७० किलोंचें काम करणारी पेटी आतां खांद्यावरच्या झोळींत मावते व चढणीच्या पायवाटेनें खेड्यांतही नेतां येते.

परंतु तारा रोग्याच्या अंगास लावणार कोण? उजव्या हाताची तार चुकून डाव्या हातास लागली तर आलेखांतली पहिलीच रेघ उलटी येते, आणि दूरचा तज्ज्ञ सावध नसेल तर नसलेला रोग पाहतो. गर्भवतीच्या पोटावर ध्वनिलहरींचें यंत्र फिरवितांना हाताचा कोन थोडा बदलला तरी चित्र बदलतें. शिवाय स्पितीच्या म्हातारीची बोली मैदानांतील डॉक्टरला कोठली उमजणार! ती परिचारिकेनेंच उलगडून सांगावयाची. यंत्रें खरेदी झालीं म्हणजे वृत्तपत्रांत छायाचित्रें येतात. त्या परिचारिकेला किती दिवस शिकविलें, हें विचारण्याची तसदी आपण क्वचितच घेतों. मला तर सगळी योजना तिच्या बोटांवर उभी दिसते.

२०२० च्या ऑक्टोबरांत रोहतांगखालचा नऊ किलोमीटरांचा बोगदा खुला झाला व लाहौलचें कुलूप बरेंच सैल झालें. तरीही जोराची हिमवृष्टि झाली किंवा कडा कोसळला कीं बोगद्याच्या तोंडापर्यंतचा रस्ताच बंद पडतो. अशा दिवशीं रोग्यापाशीं असते ती परिचारिकाच, आणि तिच्या पेटीतली वीज.