खेळ होता की उपचार? फुरसतीचा इतिहास वाचताना

संशोधनाला लागलो की सुरुवातीचा बराच काळ साधनं शोधण्यात जातो. ती हाती आली की हायसं वाटतं. पण खरी अडचण तिथूनच सुरू होते, कारण प्रत्येक साधन कोणाच्या तरी गरजेतून लिहिलेलं असतं. ही अडचण आज एका विषयातून समजून घेऊ: अपंगत्व किंवा दीर्घ आजार घेऊन जगणाऱ्या माणसांच्या फुरसतीचा इतिहास.

या विषयात शिरलात की एक गोष्ट लगेच जाणवेल. धडधाकट माणूस संध्याकाळी पत्ते खेळला तर तो पत्ते खेळला, एवढंच. रुग्णालयातला माणूस तेच पत्ते खेळला, तर नोंद होते ‘बोटांना व्यायाम’, ‘मनाला उभारी’, ‘पुनर्वसन’. म्हणजे त्याच्या मजेलाही काहीतरी कारण दाखवावं लागतं. तुम्ही फक्त संस्थेचे अहवाल वाचलेत तर तुमच्या प्रबंधातही ती मजा औषध म्हणूनच उतरेल.

एक गाजलेलं उदाहरण घेऊ. इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात फेब्रुवारी 1944 मध्ये मज्जारज्जूला इजा झालेल्या सैनिकांसाठी खास विभाग सुरू झाला. प्रमुख होते डॉ. लुडविग गुटमन, नाझी जर्मनीतून 1939 मध्ये निसटून आलेले ज्यू डॉक्टर. त्याआधी असे रुग्ण बेडसोर आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने दगावत. फार दिवस जगतील अशी अपेक्षाच नसे. गुटमन यांनी त्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवण्याची शिस्त लावली, कामाला लावलं आणि खेळ हा उपचाराचा भाग केला. 29 जुलै 1948 ला लंडन ऑलिंपिकचं उद्घाटन होत होतं. त्याच दिवशी या रुग्णालयाच्या आवारात व्हीलचेअरवरच्या 16 माजी सैनिकांची, त्यांत 2 स्त्रिया, धनुर्विद्येची स्पर्धा झाली. 1960 मध्ये हेच खेळ रोमला भरले आणि पुढे त्यालाच पहिलं पॅरालिंपिक मानलं गेलं.

ही झाली पाठ्यपुस्तकी गोष्ट: डॉक्टरांनी खेळ दिला, रुग्ण उभारी धरून उठले. गोष्ट खोटी नाही. धनुष्य ओढताना खांदे, पाठ, दंड बळकट होतात हे खरंच. पण याच गोष्टीतला एक तपशील अनेकदा घाईत सुटतो. गुटमन यांना रुग्णालयाच्या अंगणात काही रुग्ण व्हीलचेअरवर बसून, चालायच्या काठ्या उलट्या धरून एक चकती टोलवताना दिसले, असं सांगितलं जातं. त्यातून व्हीलचेअर पोलो आला. तो फारच आडदांड ठरला म्हणून मागे पडला आणि त्याची जागा नेटबॉल-बास्केटबॉलने घेतली.

आता क्रम बघा. काठ्या उलट्या आधी झाल्या, ‘उपचार’ हा शब्द नंतर आला. खेळायला कोणी सांगितलं नव्हतं. कंटाळलेल्या तरुण माणसांनी हाताशी होतं त्यातून खेळ काढला. चालायला मदत म्हणून दिलेल्या वस्तूचा त्यांनी चक्क दांडू केला! माझ्या मते इतिहासकाराने इथे थांबायला हवं.

ज्या खेळामागे डॉक्टरच नव्हता, असंही उदाहरण शेजारी ठेवा. मेलबर्नमध्ये 1922 च्या सुमाराला कारखान्यात काम करणाऱ्या अंध कामगारांनी पत्र्याच्या डब्यात खडे भरून क्रिकेट सुरू केलं. चेंडू दिसत नाही तर ऐकू येऊ दे, हा साधा विचार. 1928 मध्ये कूयाँग इथे त्यांच्यासाठी मैदान आणि क्लबची इमारतही झाली. आज प्लॅस्टिकच्या चेंडूत छर्रे असतात, गोलंदाजी खालून हात फिरवून होते आणि पूर्ण अंध फलंदाजाच्या धावा दुप्पट मोजतात. 1998 मध्ये पहिला अंध विश्वचषक नवी दिल्लीत भरला. या खेळाचं मूळ जेवणाच्या सुट्टीत शोधावं लागतं, दवाखान्याच्या दप्तरात ते सापडणार नाही.

आपल्याकडचं नाव घ्यायचं तर सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून ते जायबंदी झाले, उपचारादरम्यान पोहू लागले आणि 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक जिंकलं. ‘उपचाराने खेळाडू घडवला’ असं लिहायचा मोह इथे होतोच. पण पेटकर जखमी होण्याआधी लष्करात बॉक्सिंग करत होते! खेळाडू आधीपासून होता. पाण्यात उतरायला निमित्त तेवढं उपचाराचं मिळालं.

मग ‘उपचार’ हा शब्द खोडून टाकायचा का? नाही. त्या शब्दामुळेच जागा, पैसा, वेळ मिळाला. नुसत्या मजेसाठी मैदान मागितलं असतं तर किती रुग्णालयांनी दिलं असतं? पण त्या परवानगीची किंमतही असते: शरीर सुधारणार नसेल, तर मग खेळायचं कशाला, असं कोणीही विचारू शकतं. ज्याचा आजार बरा होणारच नाही, त्याची फुरसत या हिशेबात कुठे बसते? म्हणूनच 2006 च्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क करारातलं कलम 30 आणि आपल्या 2016 च्या कायद्यातलं कलम 29 महत्त्वाचं वाटतं. तिथे मनोरंजन हा हक्क म्हणून येतो. बरं होण्याची अट त्याला जोडलेली नाही.

संशोधनाची तयारी करताना याचा उपयोग असा करा. अहवालांसोबत वस्तू बघा: काठी, डबा, झिजलेले पत्ते. मनाईचे नियम वाचा. ‘रात्री पत्ते खेळू नयेत’ असा नियम दिसला तर लोक बहुधा खेळत होते, असं समजायला वाव आहे. पत्रं, आठवणी, मुलाखती मिळाल्या तर त्यांत ‘मजा आली’ हे वाक्य शोधा, आणि ते सापडलं तर पुनर्वसनाच्या प्रकरणात ढकलू नका. पुढच्या वेळी एखाद्या कागदावर ‘उपचार’ हा शब्द दिसला, की पेन्सिलीने समासात एवढंच लिहा: हा शब्द कोणाचा, खेळणाऱ्याचा की नोंद करणाऱ्याचा?