शोकग्रस्त मुलें आणि शाळा

30 सप्टेंबर 1993 च्या पहांटे, गणेशविसर्जन आटोपून निजलेलीं किल्लारीकडील गांवें भूकंपानें जमीनदोस्त झालीं. हजारों माणसें दगडमातीच्या घरांखालीं गाडलीं गेलीं. भारतीय जैन संघटनेचे श्री. शांतिलाल मुथ्था यांनीं सुमारें 1,200 मुलें शिक्षणासाठीं पुण्यास आणलीं. पुढें वाघोलीस त्यांची सोय झाली.

अन्नवस्त्र देतां येतें. पण आई गमावलेल्या मुलाला शाळा काय देणार? प्रथम रोजचा क्रम: तीच घंटा, तोच बांक, तोच सोबती. मग बोलण्याची मुभा, आणि न बोलण्याचीहि. 'रडूं नकोस' असें शिक्षकानें म्हणूं नये. गेलेल्याचें नांव टाळूं नये.

बारामतीच्या उद्योगवसाहतींत एखाद्या मुलाचे वडील अपघातांत गेले, तर त्याच्यापुरता तो भूकंपच होय. त्याच्यासाठीं वृत्तपत्रें येत नाहींत. शाळेनें तरी यावें.