कुळाची वही आणि लेक

वंशावळ सांगा म्हटले की आपल्यापैकी बहुतेक जण बापापासून आरंभ करतात. बाप, आजोबा, पणजोबा, फार तर खापरपणजोबा. आणि तेथे गाडी अडते. ती पुढे ढकलण्यासाठी मग कोणी त्र्यंबकेश्वर गाठतो, कोणी तहसील कचेरी. पण एक साधा हिशेब करून पाहावा. दहा पिढ्या मागे गेले तर त्या एका पिढीतच आपले १०२४ पूर्वज भरतात. एखादा दोनदा मोजला जाईल, एवढेच. त्यांपैकी वंशावळीत किती असतात? एक! बाकीच्यांकडे जाणारी प्रत्येक वाट कोणत्या ना कोणत्या आईपाशी फुटते, आणि ती वाट आपण मुळी आखलेलीच नसते.

आपल्या पूर्वजांना आईचे विस्मरण झाले होते असे मात्र नव्हे. श्राद्धात बाप, आजा, पणजा यांच्याबरोबर आई, आजी, पणजी यांचीही नावे घेतात, आणि आईच्या वडिलांकडील तीन पिढ्यांनाही पिंड देतात. जिभेवर स्त्री होती. कागदावर आली नाही.

कागद जमविण्याची हौस महाराष्ट्राला लावली ती इतिहासाचार्य राजवाडे यांनी. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि पुढे एकूण बावीस खंड झाले. १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. सापडलेला कागद पेटीत न ठेवता दहा जणांपुढे मांडावा, ही शिस्त त्या मंडळींनी घालून दिली. विसाव्या शतकात कुलवृत्तांत छापले गेले ते याच वाटेने. एका आडनावाच्या घरोघरी पत्रे जात, माहितीचे तक्ते भरून येत, आणि त्यांतून शाखा जुळत. पण हे भाग्य मुख्यतः लिहित्या घरांचे. ज्यांच्या घरी दप्तर नव्हते त्यांनी काय करावे?

आमच्या विदर्भात त्यांच्या उपयोगी पडले ते कोतवाल बुक. गावातले जन्म-मृत्यू कोतवालाच्या तोंडून त्यात उतरत. पुष्कळ ठिकाणी नोंद अशी, की अमक्या कुणब्यास, अमक्या कोष्ट्यास मुलगा झाला किंवा मुलगी झाली. बाळाचे नाव नाही, बाळंतिणीचे तर नाहीच! दुसरे साधन म्हणजे शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर. मी मास्तर, तेव्हा आजोबाच्या नावाची एक ओळ शोधण्यासाठी दारात आलेली माणसे मला नवी नाहीत. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, तर इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. २०२३ साली न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेल्यावर कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरे उलगडली आणि मोडी वाचणारांना भाव आला. पोराची फी, पोराची नोकरी त्या एका ओळीवर अवलंबून. पण तेथेही पुरावा मानतात तो वडिलांकडच्या नात्याचा. आईचा बाप कितीही स्पष्ट अक्षरांत सापडो, त्याचा उपयोग नाही.

सातासमुद्रापलीकडे मेक्सिकोत याहून निराळी रीत आहे. स्पेनच्या अमलापासून तेथील चर्चच्या वहीत बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाबरोबर आईचे नाव लिहीत. पुष्कळदा दोन्हीकडचे आजी-आजोबाही. लेकराला दोन आडनावे, एक बापाचे आणि एक आईचे. आणि लग्न झाले म्हणून बाई आपले आडनाव टाकत नाही. १८५९ साली हुआरेझच्या सरकारने जन्म-मृत्यूची सरकारी नोंद सुरू केली. १९५२ पासून अमेरिकेतील यूटा येथील वंशावळ संस्थेने त्या वह्यांच्या मायक्रोफिल्म घेतल्या. याच संस्थेने १९७७ पासून हरिद्वारच्या पंड्यांच्या बह्यांचीही चित्रे घेतली. आज मेक्सिकन घराण्यांचे शोधक एकमेकांना उतारे कळवतात आणि आजीच्या आजीपर्यंत पोचतात.

आपल्याकडची खरी अडचण येथे दिसते. लेक लग्न होऊन गेली की बापाच्या वहीत तिची रेघ संपते. सासरी तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव रेखतात आणि ती दुसऱ्या वहीत निराळ्याच नावाने उगवते. एका वहीतली यमुना आणि दुसरीतली लक्ष्मी ही एकच बाई, हे दोन्ही वह्या शेजारी ठेवल्याखेरीज कोणाला कळावे? जिजाबाईंचे माहेर आपण जाणतो, कारण सिंदखेडचे लखुजी जाधव बलाढ्य सरदार होते. माहेर गरीब असते तर शाईने एवढी आठवण ठेवली असती काय?

म्हणून एका आडनावाच्या मंडळींनी आपल्यापुरतेच जमून हे काम पुरे व्हायचे नाही. कुळाने कुळाला कागद दाखवला पाहिजे. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे प्रथम आईचे, मग वडिलांचे नाव लिहावे, असा निर्णय महाराष्ट्र सरकारने घेतला. पुढच्यांची सोय झाली. मागच्यांची आपण करावयाची आहे. दिवाळीत भाऊबीजेला बहिणी, आत्या, मावश्या घरी येतात. ओवाळणी घालून झाली की एक कोरा कागद पुढे ठेवावा. माहेरचे नाव, सासरचे नाव, दोन्ही गावे, आईचे आणि आजीचे माहेर, एवढे लिहून घ्यावे. एक प्रत आपल्याकडे, दुसरी तिच्याबरोबर. आत्या ऐंशीच्या घरात असेल तर हे पुढच्या दिवाळीवर टाकू नये.