भट्टी, गुत्ता, परमिट रूम : वरोऱ्यातील एका दाराचा इतिहास

१/ इंग्लंडमधील एखाद्या सधन बंदरात, शिडाच्या नौका नांगरलेल्या असताना, दुपारी पबमध्ये जेवायला जाणे ही साधी गोष्ट समजली जाते. ‘पब’ म्हणजे ‘पब्लिक हाउस’, सर्वांना खुले असलेले घर. वरोऱ्यात भरदुपारी दारूच्या दुकानात शिरणारा माणूस मात्र आधी मागे वळून पाहतो. या संकोचामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. तो दुकानाच्या मराठी नावांतच दडलेला आहे.

२/ पहिले नाव : भट्टी. विदर्भात देशी दारूच्या दुकानाला लोक आजही भट्टीच म्हणतात. चांद्याच्या जंगलात उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहाची फुले गळतात. ती वाळवून, आंबवून, भट्टीवर चढवून दारू गाळली जाते. गोंड समाजात देवकार्य, लग्न आणि मरण या तिन्ही प्रसंगी तिला स्थान आहे. ती प्रथम घरची आणि विधीची वस्तू होती. दुकान नंतर आले.

३/ दुसरे नाव : गुत्ता. या शब्दाचा मूळ अर्थ मक्ता किंवा ठेका. गुत्तेदार म्हणजे ठेकेदार. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि चांदा इंग्रजांकडे गेला. दारू गाळण्याचा व विकण्याचा हक्क लिलावाने देण्याची पद्धत रुजली. अधिक बोली लावणाऱ्याला दुकान मिळे आणि घरी गाळणारा गुन्हेगार ठरे.

४/ १८७० च्या दशकात वरोऱ्यात सरकारी कोळसा खाण सुरू झाली आणि वर्ध्याहून रेल्वेही आली. शेतीच्या गावात रोख मजुरी घेणारा कामगार दिसू लागला. खाण सरकारची, मजुरीही सरकारची आणि अबकारीचा महसूलही सरकारचाच. १९०६ मध्ये खाण बंद पडली. अबकारी मात्र चालूच राहिली.

५/ म्हणूनच राष्ट्रीय चळवळीने दारूच्या दुकानावर निरोधन केले, तेव्हा तो आघात सरकारी तिजोरीवरही होता. १९३६ मध्ये गांधीजी शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, सेगावी राहायला आले. १९३७ मध्ये प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले आणि १९३८ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडचा दारूबंदी कायदा झाला.

६/ तिसरे नाव : परमिट रूम. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ चा. १९५६ मध्ये विदर्भ त्या राज्यात आला आणि १९५९ मध्ये हा कायदा येथेही लागू झाला. मूळ तत्त्व बंदीचे. प्रकृतीच्या कारणास्तव परवाना घेतलेल्यास सूट. पुढे बंदी सैल झाली, पण परवान्याची अट कायद्यात राहिली. म्हणून महाराष्ट्रातील मद्यपी कागदोपत्री आजही परवानाधारक असावा लागतो.

७/ आता नकाशा पाहावा. उत्तरेचा वर्धा जिल्हा १९७० च्या दशकापासून दारूमुक्त. पूर्वेच्या गडचिरोलीत लोकचळवळीनंतर १९९३ मध्ये बंदी आली. मधल्या चंद्रपुरात दुकाने उघडी होती आणि वरोरा वर्ध्याच्या सीमेलगत.

८/ डिसेंबर २०१० मध्ये ‘श्रमिक एल्गार’च्या पारोमिता गोस्वामी यांच्या नेतृत्वाखाली हजारो स्त्रिया चिमूरहून नागपूरच्या विधिमंडळाकडे पायी निघाल्या. घरात येणारी मजुरी दुकानातच संपते आणि मार घरी येतो, हे त्यांचे गाऱ्हाणे होते. पुढे वरोऱ्याचेच आमदार, तत्कालीन पालकमंत्री संजय देवतळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली.

९/ दार बंद झाले, पण वाट मोकळी होती. वर्धा नदीवरील पाटाळ्याचा पूल ओलांडला की यवतमाळ जिल्ह्याचा वणी तालुका, आणि तेथे दुकाने उघडी. चोरटी विक्री वाढली, महसूल बुडाला, असा युक्तिवाद पुढे आला. २७ मे २०२१ रोजी मंत्रिमंडळाने बंदी उठवली. बंदीचे समर्थक म्हणाले : अंमलबजावणी फसली म्हणून मागणी खोटी ठरत नाही. सहा वर्षांत दोन निर्णय झाले आणि दोन्ही मुंबईत झाले.

१०/ तरीही एक अधिकार खाली उतरला आहे. महाराष्ट्रात गावातील निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी ‘आडव्या बाटली’ला मत दिले, तर तेथील दुकान बंद करावे लागते. ‘उभी बाटली’ म्हणजे दुकान चालू. अनुसूचित क्षेत्रात १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेलाही मद्याबाबत अधिकार दिला.

११/ भट्टी गाळणाऱ्याची, गुत्ता ठेकेदाराचा, परमिट रूम सरकारची. दाराबाहेर वाट पाहणाऱ्या बाईचा उल्लेख यांपैकी एकाही नावात नाही. तिचा शब्द सर्वांत उशिरा आला, आणि तो मतपत्रिकेवर एका आडव्या बाटलीच्या चित्राने लिहिला गेला.