न उगवलेला दिवस : तक्त्यांच्या फायली आणि त्यांचे वाचन

१/ सन १९०० च्या फेब्रुवारीत २८ दिवस होते. शतकाच्या वर्षाला ४०० ने पूर्ण भाग जात नसेल, तर ते लीप वर्ष नव्हे, हा ग्रेगरियन दिनदर्शिकेचा नियम आहे. तरीही २९ फेब्रुवारी १९०० हा दिवस असंख्य संगणकांत आजही नांदतो आहे. एका आंतरराष्ट्रीय मानकातही त्याला अधिकृत स्थान आहे. हा #थ्रेड त्या दिवसाचा, आणि स्प्रेडशीटमध्ये साठवलेले तक्ते पुन्हा वाचून काढण्याच्या खटाटोपाचा.

२/ १९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचे ‘व्हिजिकॅल्क’ ॲपल-२ संगणकावर अवतरले. त्यात २५४ ओळी आणि ६३ स्तंभ होते. हिशेबनिसाची चोपडी पडद्यावर आली, पण ती कोणत्या स्वरूपात साठवायची हे ज्याचे त्याने ठरवले.

३/ जानेवारी १९८३ मध्ये ‘लोटस १-२-३’ आले. ए१ पासून सी२० पर्यंतच्या चौकटींच्या पट्ट्याला ‘विक्री’ असे नाव द्यावे आणि पुढे त्या नावानेच हाक मारावी, ही सोय त्यात होती. तारीख मात्र तारीख म्हणून साठत नसे, केवळ एक अंक साठे. १ जानेवारी १९०० म्हणजे १, आणि तेथून पुढे मोजणी. या मोजणीत १९०० हे लीप वर्ष धरलेले होते. ‘चाराने भाग गेला की लीप वर्ष’ हा सोपा नियम १९०१ ते २०९९ या काळात कोठेही चुकत नाही. चुकतो तो नेमका आरंभबिंदूवर.

४/ मायक्रोसॉफ्टचे ‘एक्सेल’ १९८५ मध्ये मॅकिंटॉशवर आणि १९८७ मध्ये विंडोजवर आले. लोटसच्या ग्राहकांचे तक्ते जसेच्या तसे उघडावेत, म्हणून त्या चुकीचाही वारसा स्वीकारला गेला. मॅकवर मात्र मोजणी १९०४ पासून सुरू होत असे. परिणाम असा : महाराष्ट्र राज्य स्थापन झाले ती १ मे १९६० ही तारीख विंडोजवरील एक्सेलमध्ये २२०३७ या अंकाने साठते. तोच अंक १९०४ च्या हिशेबाने वाचला, तर राज्य २ मे १९६४ रोजी जन्माला येते!

मोडी कागद हाताळणाऱ्यांना हा पेच परिचित आहे. शुहूर सन आणि चंद्राची तिथी दिलेले पत्र हाती असले, तरी मोजणीचा आरंभ ठाऊक असल्याखेरीज त्याची तारीख लागत नाही.

५/ त्या काळच्या एक्सेल फायली द्विमान स्वरूपाच्या होत्या. मजकूर म्हणून उघडल्यास त्यात निरर्थक चिन्हेच दिसत. सरकारी खात्यांचे हिशेब, जनगणनेचे तक्ते, कर्जाच्या याद्या अशा फायलींत साठत होत्या आणि त्यांची किल्ली एका कंपनीकडे होती. कागद आपला, पण लिपी परक्याची.

६/ १० फेब्रुवारी १९९८ रोजी एक्सएमएल हे मानक जाहीर झाले आणि माणसालाही वाचता येईल अशा खुणांमध्ये माहिती लिहिण्याचा मार्ग मोकळा झाला. ओपनऑफिसच्या स्वरूपावर आधारलेल्या ‘ओपनडॉक्युमेंट’ला मे २००५ मध्ये ओएसिस संस्थेची आणि २००६ मध्ये आयएसओची मान्यता मिळाली.

७/ ही फाइल वस्तुतः एक झिप गाठोडे असते. ते सोडले की ‘कंटेंट’ नावाची एक्सएमएल फाइल सापडते. प्रत्येक नामांकित पट्ट्यासाठी तीत नाव, पत्ता आणि सापेक्ष पत्ते जेथून मोजायचे ती आधारचौकट नोंदवलेली असते. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी उघड लिहिलेली असते. एक खाचखळगा मात्र आहे. एकसारख्या हजार रिकाम्या चौकटी हजार वेळा न लिहिता एकदाच लिहितात आणि शेजारी ‘हजार वेळा’ अशी खूण करतात. ती खूण वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटली, की पुढचा सगळा तक्ता सरकतो.

८/ मायक्रोसॉफ्टचे प्रत्युत्तर डिसेंबर २००६ मध्ये एक्मा या संस्थेच्या मानकाच्या रूपाने आले. त्याची सुमारे सहा हजार पाने होती. येथे पट्ट्यांची नावे एका फाइलीत, चौकटी दुसऱ्या फाइलीत आणि शब्द बहुधा तिसऱ्या फाइलीत. एखाद्या चौकटीत ७ दिसला, तर तो सात हा अंक की शब्दांच्या सामाईक यादीतील आठवा शब्द (यादी शून्यापासून मोजतात), हे एकाक्षरी खुणेवर ठरते. तारीख अंकरूपातच राहिली, १९०० की १९०४ हेही एका खुणेवरच, आणि २९ फेब्रुवारी १९०० सुद्धा शाबूत राहिला.

९/ यावरून रण माजले. सप्टेंबर २००७ च्या मतदानात सहभागी सदस्यांपैकी केवळ ५३ टक्के अनुकूल होते. आवश्यकता दोन तृतीयांशांची होती. भारतीय मानक ब्यूरोचे मत विरोधात पडले. दुरुस्त्यांनंतर मार्च २००८ मध्ये अनुकूल मते ७५ टक्क्यांवर गेली आणि मानक मंजूर झाले. भारत तेव्हाही विरोधातच राहिला. पुढे ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि व्हेनेझुएला यांच्यासह त्याने अपीलही केले; ते फेटाळले गेले.

१०/ विरोधकांची बाजू नैतिक दृष्ट्या भक्कम वाटते, तरी दुसऱ्या बाजूलाही वजन आहे. जुन्या कोट्यवधी फायली होत्या तशाच वाचल्या जाव्यात, हा आग्रह पोथीतील अपपाठही जसाच्या तसा छापणाऱ्या संपादकाचा आहे. शिवाय ओपनडॉक्युमेंटच्या पहिल्या आवृत्तीत सूत्रे कशी लिहावीत याचा नियमच नव्हता. तो २०११ मधील १.२ आवृत्तीत आला. सूत्रांविना स्प्रेडशीटचे मानक म्हणजे जमाखर्चाची वही आहे, पण बेरजेची रीत ठरलेली नाही, असा प्रकार.

११/ जुने स्वरूप मात्र सहजी मरत नाही. २०२० च्या शरदात इंग्लंडमध्ये कोरोनाबाधितांच्या याद्या जुन्या एक्सेल स्वरूपात भरल्या जात होत्या. त्यात ६५,५३६ ओळींची मर्यादा होती. २००७ नंतरच्या स्वरूपात ती १०,४८,५७६ झाली आहे. मर्यादेपलीकडच्या नोंदी निमूटपणे गळाल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या आठवड्यातील १५,८४१ रुग्ण दैनंदिन आकड्यांत आले नाहीत आणि त्यांच्या संपर्कातील लोकांचा शोध लांबला.

१२/ आता त्या दिवसाकडे. विंडोजवरील एक्सेलच्या कोऱ्या चौकटीत ६० लिहून तिला तारखेचे रूप दिले, तर २९ फेब्रुवारी १९०० दिसतो. लिबरऑफिसमध्ये तोच ६० म्हणजे २८ फेब्रुवारी. तेथे शून्याचा दिवस ३० डिसेंबर १८९९ ठरवलेला आहे. त्यामुळे १ मार्च १९०० पासून पुढे दोन्हींचे अंक जुळतात, आणि त्याआधीचे ६० अंक मात्र एकेका दिवसाने वेगळे राहतात.