याहूचे लेक, उंदराचे नातू

इ. स. पू. 604, ऐन हिवाळा. तुम्ही यरुशलेमच्या मंदिरात, वरच्या चौकात उभे आहात. नव्या वेशीपाशी गमर्याहूची खोली आहे आणि तिथे बारूख हा लेखनिक यिर्मयाहू संदेष्ट्याची वचनं खड्या आवाजात वाचतोय. (मराठी बायबलातला यिर्मया तो हाच.) गमर्याहूचा मुलगा मीखायाहू ती ऐकतो आणि तडक राजवाड्याकडे निघतो. तुम्हीही त्याच्यामागे उतरा.

चिटणिसाच्या खोलीत सरदार मंडळी बसली आहेत. एलीशामा, दलायाहू, एलनाथान, गमर्याहू, सिद्कीयाहू. नावं कान देऊन ऐका. ‘एल’ म्हणजे देव. ‘याहू’ हे इस्राएलच्या देवाच्या खास नावाचं आखूड रूप. प्रत्येक नाव एक सबंध वाक्य आहे. एलनाथान, म्हणजे देवानं दिलं. गमर्याहू, याहूनं तडीस नेलं. मीखायाहू तर प्रश्नच विचारतो : याहूसारखा कोण?

आता बापांची नावं विचारा. एलनाथानचा बाप अखबोर, म्हणजे चक्क उंदीर. गमर्याहूचा बाप शाफान. शाफान हा कपारीत राहणारा, सशाएवढा प्राणी. यात कुणाला कमीपणा वाटलेला दिसत नाही. शाफान योशिया राजाचा चिटणीस होता. इ. स. पू. 622 च्या सुमारास मंदिरात नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला, तेव्हा त्याबद्दल देवाला विचारायला राजानं शाफान आणि अखबोर यांनाही धाडलं. ते गेले हुल्दा या संदेष्टीकडे, आणि हुल्दा हेही बिळात राहणाऱ्या छोट्या जनावराचंच नाव! एवढा गंभीर प्रसंग, आणि सल्लामसलत उंदीर, शाफान नि हुल्देची. मला तर ही नावं भक्तिभावाच्या नावांपेक्षा जास्त घरची वाटतात. तान्ह्या पोराकडे बघून कुणाला तरी हसू आलं असणार.

पुढच्या पिढीत मात्र या घरांमध्ये याहू आणि एल आले.

आता तीच वचनं राजा यहोयाकीमला वाचून दाखवली जाताहेत. तो शेगडीपाशी बसलाय. वाचून झालेला भाग चाकूनं कापून तो विस्तवात टाकतो. गमर्याहू, एलनाथान, दलायाहू विनवतात. तो ऐकत नाही.

अठरा वर्षं पुढे या. इ. स. पू. 586 मध्ये बाबेलच्या सैन्यानं शहर पेटवलंय. पपायरसचे दस्तऐवज जळताहेत, पण त्यांच्या दोऱ्यांवरचे मातीचे नखाएवढे शिक्के आगीत भाजून पक्के होताहेत. 1982 मध्ये याच शहरात पुरातत्त्वज्ञ यिगाल शिलो यांच्या उत्खननात असे 51 शिक्के सापडले. एक उचलून उजेडात तिरपा धरा. जुन्या हिब्रू वळणाची अक्षरं उजवीकडून वाचा : गमर्याहू बेन (म्हणजे मुलगा) शाफान यांचा. त्या खोलीचा मालक तो हाच, असं बरेच अभ्यासक मानतात.

परतताना मुंबईत उतरा, 1796 मध्ये. कोकणातल्या बेने इस्राएल समाजातले सॅम्युएल इझिकेल दिवेकर इथे सिनेगॉग बांधताहेत. हिब्रूत ते शमुएल, वडील यहेज्केल. दोन्ही नावांच्या शेवटी तोच ‘एल’. लोक मात्र त्यांना सामाजी हसाजी म्हणतात. बोलण्यात एल गळून पडला आणि त्याच्या जागी आपला ‘जी’ आला.