पहिली इलेक्ट्रिक गिटार : बालवाद्याच्या निवडीचे विवेचन

प्रस्तुत विवेचनात तीन संज्ञा वारंवार येतील, म्हणून त्यांचा अर्थ प्रथम निश्चित केला पाहिजे. 'बालक' म्हणजे सुमारे सहा ते अकरा वर्षे वयाचे मूल. 'पहिले वाद्य' म्हणजे ज्यावर बोटांना पहिले वळण लागते आणि जे तीन-चार वर्षांत अपुरे पडणार हे घेतानाच गृहीत धरलेले असते, असे वाद्य. 'इलेक्ट्रिक गिटार' म्हणजे ज्यात पोलादी तारेच्या कंपनामुळे चुंबकाभोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्यात, म्हणजे पिकअपमध्ये, विद्युत्संकेत निर्माण होतो आणि तो अँप्लिफायरद्वारे ध्वनिरूप पावतो, ते वाद्य. बटण दाबताच साठवलेली धून वाजवणारी प्लॅस्टिकची वस्तू या व्याख्येत बसत नाही. ती खेळणे आहे आणि तिचा विचार येथे केलेला नाही.

तिसऱ्या व्याख्येतून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. अकूस्टिक गिटारचा नाद तिच्या पेटीच्या आकारमानावर अवलंबून असतो. पेटी लहान केली की नाद, विशेषतः खर्जाचा, क्षीण होतो. इलेक्ट्रिक गिटारचे अंग सहसा भरीव लाकडाचे असते आणि नादाची वृद्धी बाहेरच्या यंत्रात होते. त्यामुळे वाद्य लहान केले तरी नादाची हानी अल्प होते. बालकाच्या मापाचे वाद्य घडवणे इलेक्ट्रिक प्रकारातच अधिक निर्दोषपणे साधते. फेंडर या अमेरिकन कंपनीने १९५६ मध्येच विद्यार्थ्यांसाठी म्युझिकमास्टर आणि ड्युओ-सॉनिक ही आखूड वाद्ये बाजारात आणली, हे या संदर्भात ध्यानात घ्यावे.

येथे एका रूढ मताचा परामर्श घेणे क्रमप्राप्त आहे. 'आधी अकूस्टिक, हात तयार झाला की इलेक्ट्रिक' असा उपदेश पालकांना सर्वत्र ऐकावा लागतो. त्याची परीक्षा आकड्यांनी करता येते. पूर्ण मापाच्या पोलादी तारांच्या अकूस्टिक गिटारवर १२–५३ जाडीचा (इंचाच्या सहस्रांशांत) संच चढवला, तर सहा तारांचा एकत्रित ताण सुमारे ७४ किलो भरतो. इलेक्ट्रिकवरील ९–४२ संचाचा ताण सुमारे ३८ किलो असतो. बाराव्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे गिटारच्या लाकडी पट्ट्यावर आडवी बसवलेली धातूची कांडी) तारेची उंची अकूस्टिकमध्ये साधारण अडीच मिलिमीटर किंवा अधिक असते, इलेक्ट्रिकमध्ये दीड ते दोन. म्हणजे बोटाला कमी ताणाची तार कमी अंतर दाबावी लागते. 'हात तयार होणे' याचा अर्थ वेदना सोसणे असा असेल तरच उपरोक्त उपदेश ग्राह्य ठरेल. नायलॉनच्या तारांची लहान क्लासिकल गिटार हा मात्र न्याय्य पर्याय आहे. तिच्यावर हा आक्षेप लागू पडत नाही.

इलेक्ट्रिक प्रकार स्वीकारल्यावर प्रश्न उरतो तो मापाचा. दुकानांत आणि जाहिरातींत माप वयाने सांगतात. वय हे येथे प्रमाण नव्हे, कारण एकाच इयत्तेतील दोन मुलांच्या तळहातांत दोन वर्षांचे अंतर असू शकते. खरे प्रमाण म्हणजे पट्ट्याच्या टोकाच्या नटपासून अंगावरच्या ब्रिजपर्यंत तारेचा जो भाग कंप पावतो त्याची लांबी. तिला स्केल म्हणतात. स्केलनुसार वाद्यांचे तीन वर्ग पडतात. (१) लघु : ५६० ते ५८० मिलिमीटर. आयबानेझची मायक्रो (५६४) आणि स्क्वायरची मिनी स्ट्रॅट (५७८) ही या वर्गातील परिचित वाद्ये. (२) मध्यम : सुमारे ६१० मिलिमीटर. फेंडरने १९६४ मध्ये आणलेली मस्टँग या वर्गातली. (३) पूर्ण : ६२८ ते ६४८ मिलिमीटर. लेस पॉल हे वाद्य पहिल्या टोकाशी, स्ट्रॅटोकास्टर दुसऱ्या टोकाशी.

स्केल हातावर कोणता परिणाम करते, हे गणिताने सांगता येते. गिटारचे फ्रेट समान अंतरावर नसतात. प्रत्येक फ्रेटपाशी उरलेली लांबी आधीच्या लांबीच्या सुमारे ०.९४४ पट होते. म्हणून पहिल्या फ्रेटपासून चौथ्या फ्रेटपर्यंतचे अंतर स्केलच्या सुमारे १५ टक्के येते : ६४८ च्या वाद्यावर ९७ मिलिमीटर, ६१० वर जवळपास ९२, ५७८ वर ८७. एवढ्या टप्प्यात चारही बोटे एकेका फ्रेटमागे ठेवता आली, तर वाद्य हाताच्या आवाक्यात आहे. हे अंतर वाद्य न पाहताही तपासता येते. जाड कागदाच्या पट्टीवर ९७, ९२ आणि ८७ मिलिमीटरच्या तीन खुणा कराव्यात. बालकाची तर्जनी पट्टीच्या टोकाशी ठेवून, बोटे वाकवलेली असताना आणि मनगट न मुरडता, करंगळी कोणत्या खुणेपर्यंत सहज पोहोचते ते पाहावे. बोटे ताठ करून ताणलेले माप धरू नये. जेथे बोट वाकलेले राहते, तेच माप खरे.

खान्देशातल्या जळगाव-धुळ्यासारख्या ठिकाणी या कागदी परीक्षेला विशेष मोल आहे. मुंबईत मुलाला दुकानात नेऊन पाच वाद्ये मांडीवर घेऊन पाहता येतात. १८६५ मध्ये स्थापन झालेल्या फुर्टाडोजसारखी जुनी पेढी तेथे आहे. जळगावचा पालक निदान मुख्य रेल्वेमार्गावर आहे. धुळेकराला चाळीसगावमार्गे किंवा महामार्गाने जावे लागते. परिणामी बहुतेक खरेदी घरपोच मागवून होते आणि तेव्हा माप आधी ठरलेले नसेल तर निर्णय रंगावर जातो. मुलाने रंग निवडावा, माप मोठ्यांनी.

घरात थोरल्या भावंडाची पूर्ण मापाची गिटार आधीच असेल, तर नवे वाद्य घेण्यापूर्वी एक युक्ती करून पाहावी. दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सर्व तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावला की ६४८ मिलिमीटरच्या तारेची मोकळी लांबी ५७७ उरते, म्हणजे ती लघुवर्गाच्या मापाची होते. सर्व तारा आधी दोन पूर्ण फ्रेटइतक्या उतरवल्या, तर मोकळ्या तारांचे स्वर पूर्ववत राहतात आणि ताणही एक पंचमांशाने घटतो. ताण लांबीच्या आणि कंपनसंख्येच्याही वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे हे घडते. या युक्तीला मर्यादा आहेत. पट्ट्यावरील ठिपके दोन घरांनी सरकल्यासारखे होतात आणि बालकाचा गोंधळ होतो. शिवाय अंगाचा आकार आणि साडेतीन किलोच्या आसपासचे वजन तसेच राहते. तरी तीन महिन्यांच्या चाचणीसाठी ती पुरेशी आहे.

लघुवर्गाचे वाद्य घेतल्यास तारांच्या जाडीचा प्रश्न उपस्थित होतो. ९–४२ संच ५७८ च्या स्केलवर चढवला तर ताण सुमारे ३० किलोवर येतो. दाबणे सोपे होते, पण तार इतकी ढिली पडते की बालकाने जरा जोर लावला की स्वर चढतो. १०–४६ संच चढवला तर ताण पुन्हा ३७ किलोच्या आसपास, म्हणजे मोठ्या वाद्याइतकाच होतो. मग लाभ केवळ बोटांच्या आवाक्याचा उरतो. पहिल्या काही महिन्यांसाठी ९ चा संच आणि बोटांची त्वचा घट्ट झाल्यावर १० चा, हा क्रम युक्त दिसतो.

आता वाद्याच्या अन्य अंगांकडे वळता येईल. त्यांत ब्रिज प्रथम. ब्रिजचे दोन प्रकार : स्थिर आणि तरंगता. तरंगता ब्रिज स्प्रिंगांच्या समतोलावर उभा असतो. एक तार तुटली की उरलेल्या पाचही बेसूर होतात. तो समतोल पुन्हा साधणारा कारागीर तालुक्याच्या गावी सापडणे कठीण. म्हणून स्थिर ब्रिज घ्यावा. या बाबतीत दुसरे मत संभवत नाही.

पिकअपचेही दोन प्रकार आहेत : एकवेटोळी आणि हंबकर. घरगुती वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची असते आणि एकवेटोळी पिकअप आसपासच्या तारांतील त्या विजेची गुणगुण उचलतो. गिब्सन या अमेरिकन कंपनीत सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये सिद्ध केलेल्या हंबकरमध्ये दोन वेटोळी परस्परविरुद्ध जोडलेली असतात, त्यामुळे ही गुणगुण बहुतांशी रद्द होते. लोडशेडिंगच्या वेळी घर इन्व्हर्टरवर चालत असेल आणि तो चौकोनी तरंगाचा असेल, तर अँप्लिफायरमधून कर्कश खरखर येते. अशा घरात हंबकरची निवड रुचीपेक्षा परिस्थितीने ठरते. बॅटरीवर चालणारा लहान अँप्लिफायर हा त्यावरचा दुसरा उपाय.

हवामानाचा विचार बहुधा होत नाही, पण या प्रदेशात तो टाळता येणार नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि हवा अत्यंत कोरडी होते. लाकडी पट्टा आकसतो, धातूचे फ्रेट आकसत नाहीत. त्यामुळे फ्रेटची टोके पट्ट्याच्या कडेबाहेर येतात आणि बालकाच्या तळहाताला खरचटतात. वाद्य हाती येताच पट्ट्याच्या दोन्ही कडांवरून बोट फिरवून पाहावे. टोके बोचली तर वाद्य परत करावे. उन्हाळ्यात कूलरच्या झोतासमोर गिटार ठेवणे हा एक सार्वत्रिक प्रमाद आहे : दिवसा दमट आणि कूलर बंद झाल्यावर पुन्हा कोरडी हवा, अशा आवर्तनाने पट्टा वाकतो. तो आतल्या धातूच्या दांड्याने, म्हणजे ट्रस रॉडने, सरळ करता येतो, पण हे काम माहीतगाराचे आहे. बंद मोटारीत वाद्य कदापि ठेवू नये. पावसाळ्यात तारा गंजतात. त्यासाठी वादनानंतर कोरड्या फडक्याने पुसणे पुरते.

वाद्यानंतर शिक्षक. इलेक्ट्रिक गिटारचा स्वतंत्र शिक्षक जवळ नसेल, तर आरंभ थांबवण्याचे कारण नाही. गिटारच्या एका तारेवर बारा फ्रेटांत सप्तक पूर्ण होते आणि स्वरांची ही मांडणी हार्मोनियमच्या बारा पट्ट्यांशी जुळते. गायन किंवा हार्मोनियम शिकवणारे गुरुजी एका तारेवर अलंकार आणि सोपी धून सहज शिकवू शकतात. पुढे बालगंधर्व म्हणून ख्यात झालेल्या नारायण श्रीपाद राजहंस यांचे बालवयातील संगीतशिक्षण जळगावात मेहबूबखाँ यांच्याकडे झाले, म्हणजे लहान वयात सुराची तालीम देणे या गावाला नवे नाही. बालकाच्या कानालाही विजेवर वाजणाऱ्या तारेचा नाद परका नसतो. वरातीतील बॅन्जो म्हणजे पिकअप लावलेले बुलबुलतरंगच होय. कॉर्डची घाई करू नये. सहा तारा एकदम दाबण्यापूर्वी एक तार सुरात वाजली पाहिजे.

अँप्लिफायर हे उपसाधन नव्हे, तो वाद्याचाच भाग आहे, हे व्याख्येतच सांगितले. सर्व रक्कम गिटारवर खर्चून उरलेल्यात जो मिळेल तो अँप्लिफायर घेणे ही चुकीची वाटणी होय. घरासाठी दहा वॉटपर्यंतचा, हेडफोनची सोय असलेला पुरेसा आहे. हेडफोनसंबंधी एक मर्यादा पाळावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मानकानुसार मुलांसाठी सुरक्षित श्रवणाची पातळी ७५ डेसिबल, आठवड्याला ४० तास, इतकी आहे. पातळी तीन डेसिबलने वाढली की अनुज्ञेय काळ निम्मा होतो. आवाजाची कळ कोणत्या खुणेपर्यंत फिरवायची हे पालकाने स्वतः हेडफोन लावून ठरवावे आणि तेथे रंगाची खूण करावी.

शेवटचा विषय अर्थिंगचा. तो शेवटी घेतला असला, तरी कृतीत पहिला आहे. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा ब्रिज आणि केबलमार्फत अँप्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याशी जोडलेल्या असतात. त्यामुळे विजेवर चालणाऱ्या अँप्लिफायरमध्ये दोष उद्भवला आणि अर्थिंग नसेल, तर वीज थेट बालकाच्या बोटांपर्यंत येऊ शकते. स्टोन द क्रोज या स्कॉटिश वाद्यवृंदाचे गिटारवादक लेस हार्वे यांचा ३ मे १९७२ रोजी स्वान्सी येथे रंगमंचावर अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला स्पर्श होऊन मृत्यू झाला. अनेक जुन्या घरांत सॉकेटला तिसरे भोक असते, पण त्यामागे तार जोडलेली नसते. जेथे ती जोडलेली असते तेथेही खान्देशची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळली की अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध वाढतो. त्या खड्ड्यात नियमित पाणी घालावे लागते. तीन पिनांचा प्लग दोन पिनांत बसवणारा जोड वापरू नये. मुख्य फलकावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारी कळ) बसवून घ्यावा. गिटार मागवण्यापूर्वी वायरमनला बोलावून ज्या खोलीत मूल वाजवणार, त्या खोलीतील सॉकेटचे अर्थिंग तपासून घ्यावे. ते सदोष असेल तर दुरुस्त होईपर्यंत केवळ बॅटरीवरचा अँप्लिफायर वापरावा.